पाचवीच्या वर्गात सहावीच्या मुली

सराव पाठाच्या वेळी निरीक्षकाने कुठे बसावे, या प्रश्नाला आमच्या व्यवसायात एकच उत्तर होते: शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला. तिथून फळा दिसतो, पाठ देणारा विद्यार्थी-शिक्षक पूर्ण दिसतो आणि मुलांच्या फक्त पाठी दिसतात. या व्यवस्थेत काही चुकते आहे असे मला कित्येक वर्षे वाटले नाही.

माझा व्यवसाय शिक्षकांना शिकवण्याचा. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अध्यापक महाविद्यालयात, मी गणित अध्यापन शिकवत असे आणि सराव पाठांचा विभाग माझ्याकडे होता. वाचकांपैकी ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. बी.एड.ला आलेला विद्यार्थी आधी पाठ टाचण लिहितो. टाचण म्हणजे तासाचा लेखी आराखडा: उद्दिष्टे कोणती, प्रस्तावनेचा प्रश्न कोणता, फळ्यावर काय लिहायचे, शेवटी काय विचारायचे. ते मी तपासून सही केली की तो जवळच्या एखाद्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना तो पाठ देतो. मागे मी निरीक्षण वही घेऊन बसते आणि आवाज, फलकलेखन, प्रश्नांची मांडणी, वेळेचे भान या रकान्यांत शेरे लिहिते. माझ्या वहीत मुलांसाठी एक रकाना होता, 'वर्गाचा प्रतिसाद'. त्यात मी बहुधा 'चांगला' असे लिहीत असे. मुलांच्या पाठी पाहून याहून अधिक काही लिहिता येत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या संस्थेचा जपानमधल्या एका अध्यापक महाविद्यालयाशी देवाणघेवाणीचा करार झाला. त्यांचे पाच विद्यार्थी आणि एक प्राध्यापक हिवाळ्यात आमच्याकडे येणार होते, आणि उन्हाळ्यानंतर आमचे दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक त्यांच्याकडे जाणार होते. आमच्यातला प्राध्यापक म्हणून माझे नाव ठरलेले होते. दोन विद्यार्थी कोण, हे पाहुण्यांसमोर होणाऱ्या पाठांवरून प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य आणि मी असे तिघे ठरवणार होतो.

पाहुण्यांसमोरचा गणिताचा पाठ मी मंगलला दिला. मंगल राणीसावरगावकडची. तिचे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्याच्या भागात जात आणि उन्हाळ्यात परत येत. लहानपणी चार वर्षे तीही त्यांच्याबरोबर गेली होती. नंतर मामाकडे राहून शिकली. तिची टाचणे मी नवीन विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवत असे. जपानला जायची इच्छा ती लपवत नव्हती. निवड व्हायच्या आधीच तिने पासपोर्टचा अर्ज केला आणि तो अडकला, कारण चौकशीला गेलेल्या हवालदाराला घराला कुलूप दिसले आणि त्याने 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असा अहवाल दिला.

"मॅडम, हवालदार म्हनला, घर बंद म्हंजे मानूस न्हाई," ती मला सांगत होती. "मी म्हनलं, सायेब, आमच्या अख्ख्या गल्लीला कुलपं हायेत. मग गल्लीच न्हाई म्हनून लिहा की."

दोनदा ठाण्यात जाऊन, शेजारच्या म्हातारबाबांची साक्ष देऊन तिने तो अर्ज पुढे सरकवला. उसाच्या फडावरून तिच्या वडिलांनी फोन करून विचारले, की पासपोर्ट म्हणजे रेशनकार्डासारखे असते का, आणि असेल तर त्यात सगळ्यांची नावे का घालत नाहीस.

पाठासाठी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली शाळा निवडली होती. वर्ग पाचवी, पट तीस, विषय सममूल्य अपूर्णांक. आदल्या दिवशी मंगलला घेऊन मी वर्ग पाहायला गेले, तर वर्गात अकरा मुले. बाकी एकोणीस आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली. अर्धे बाक रिकामे होते आणि त्यांच्यावर धूळ होती. ही गोष्ट मला नवीन नव्हती. आमच्या भागात हिवाळ्यातला पट कागदावर वेगळा आणि वर्गात वेगळा असतो. पण परदेशी पाहुणे हे पाहणार, ही कल्पना मला सहन झाली नाही. मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "सहावीतल्या बारा मुली उद्या या वर्गात बसवता येतील का? शांत बसणाऱ्या."

मुख्याध्यापक म्हणाले, "त्यात काय मॅडम, पंधरा देतो."

मंगल माझ्या मागेच उभी होती. "मॅडम, ऱ्हाऊ द्या की बाक रिकामे," ती म्हणाली. "लेकरं ऊसतोडीला गेलीत, ह्ये काय चोरून ठेवायचं हाय का?"

"पाहुण्यांना अर्धा वर्ग दाखवायचा का?"

"हाय तेवढा दाखवायचा."

"पाठ तुझा आहे. वर्गाची व्यवस्था माझी आहे," असे मी म्हणाले. हे वाक्य नियमाला धरून होते. तिने फडके घेतले आणि बाक पुसायला सुरुवात केली. तिचे गुण माझ्या हातात होते आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होते.

बाक पुसून झाल्यावर मी सहावीच्या बारा मुलींना जवळ बोलावून सूचना दिल्या. हा भाग तुम्हाला येतो, हे मला माहीत आहे. म्हणून लगेच हात वर करायचा नाही. पाचवीच्या मुलांना आधी बोलू द्यायचे. त्यांतली आरती नावाची मुलगी म्हणाली, "बाई, पन आमी सहावीत हाव." मी म्हणाले, "उद्या एक तास पाचवीत."

पाहुणे पूर्णा जंक्शनला उतरले आणि आमच्या गाडीने आले. फेटे, हार, दीपप्रज्वलन आणि पाच भाषणे झाली. त्यांचे प्राध्यापक ओकादा सर यांनी तिसऱ्या भाषणाच्या शेवटी माझ्याकडे वाकून नम्रपणे विचारले, की मुले वाट पाहत असतील का. त्यांचे इंग्रजी आणि आमचे इंग्रजी दोन्ही उसने असल्यामुळे आम्ही सगळेच सावकाश आणि छोटी वाक्ये बोलत होतो. याचा एक फायदा झाला. कोणालाही फार वेळ काही सांगता आले नाही.

शाळेत वर्गाच्या दाराशी त्या सहाही जणांनी बूट काढले आणि टोके बाहेर करून एका रांगेत लावले. आमची मुले चपला दारात काढतातच, पण ढीग करून. पाहुण्यांची रांग पाहून चार-पाच मुली उठून बाहेर गेल्या आणि सगळ्या चपला तशाच फिरवून लावून आल्या. आमचे विद्यार्थी-शिक्षक मात्र बुटांसह आत बसले होते. तेही एकेक करून उठले. पाठ सुरू व्हायला सहा मिनिटे उशीर झाला, तो मी माझ्या वहीत नोंदवला.

मग पाहुण्यांनी जे केले त्याने मी अस्वस्थ झाले. मागे त्यांच्यासाठी सहा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर कोणी बसले नाही. प्रत्येकाने एकेक मूल निवडले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर किंवा बाकाच्या कडेला बसून, पाटीवजा फळीवर कागद लावून, तो त्या एकाच मुलाकडे पाहू लागला. युका नावाची मुलगी आरतीच्या शेजारी बसली. पाठ संपेपर्यंत तिने मंगलकडे चार-पाच वेळांपेक्षा अधिक पाहिले नसेल. ही निरीक्षणाची पद्धत आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला तो पाठ देणाऱ्याचा अवमान वाटला.

मंगलचा पाठ उत्तम झाला. तिने फडक्यात ज्वारीच्या तीन भाकरी आणल्या होत्या. एकीचे दोन, एकीचे चार, एकीचे आठ तुकडे केले आणि अर्धी भाकर, दोन चतकोर आणि चार छोटे तुकडे एकमेकांवर ठेवून दाखवले. फळा स्वच्छ, प्रश्न नेमके, वेळ बरोबर. मुलींनी माझ्या सूचना तंतोतंत पाळल्या. पाठानंतर पाहुण्यांनी मुलांबरोबर वर्ग झाडला. शाळेचे शिपाईमामा माझ्याकडे धावत आले. "मॅडम, पावन्यांच्या हातात झाडनी दिली म्हनत्याल. माझी नोकरी जायाची." मी त्यांना दुसरी केरसुणी आणून द्यायला सांगितले.

दुपारी महाविद्यालयाच्या सभागृहात चर्चा झाली. आमचे सगळे विद्यार्थी, प्राचार्य, मी, पाहुणे. आमच्याकडे पाठाची चर्चा म्हणजे निरीक्षकाने गुण-दोष सांगणे आणि पाठ देणाऱ्याने मान डोलावणे. ओकादा सरांनी विचारले, की आधी मुलांविषयी बोलू या का. आणि युका उठून आपला कागद वाचू लागली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. म्हणूनच बहुधा, शिक्षिका काय बोलते याकडे तिचे कान नव्हते. तिने फक्त हात, डोळे आणि वही पाहिली होती, आणि मिनिटांसह लिहिली होती.

दहा बावन्न: मुलीने वहीच्या कोपऱ्यात दोन चतुर्थांश आणि चार अष्टमांश लिहिले. दहा अठ्ठावन्न: शिक्षिकेने पहिली भाकर कापली. अकरा वाजून एक मिनिट: मुलगी खिडकीबाहेर पाहते आहे. अकरा चार: शिक्षिकेने प्रश्न विचारला. मुलीचा हात बाकावरून थोडा वर आला आणि पुन्हा खाली गेला. अकरा सात: पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केल्यावर तिने केला.

कागद खाली ठेवून युका म्हणाली, "मला एक कळले नाही. या मुलीसाठी आजचा पाठ कोणता होता?"

प्राचार्य हसून म्हणाले, ती मुलगी फार हुशार आहे. ओकादा सरांनी उरलेल्या चौघांचे कागद आणि स्वतःचा कागद पुढे ओढले आणि म्हणाले, की आणखी तीन मुलींविषयी असेच लिहिले आहे. चौघींनाही उत्तर आधीच येत होते आणि चौघींनीही ते लपवले. हे कसे, हे समजून घ्यायला त्यांना आवडेल. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. ते खरोखर विचारत होते.

मी उठायला हवे होते. वेळ पुरेसा होता. मी पेनाचे टोपण उघडले आणि लावले. तेवढ्यात मंगल उभी राहिली. तिचे इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा कच्चे. ती म्हणाली, "सर, त्या मुली सहावीच्या आहेत. माझ्या वर्गातली एकोणीस मुले ऊस तोडायला गेली आहेत. बाक रिकामे होते." आणि खाली बसली. मुली कोणी आणून बसवल्या, हे तिने सांगितले नाही. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

सभागृहात जे विद्यार्थी बसले होते त्यांना यातून एकच अर्थ लागला: मंगलने आपला पाठ चमकावा म्हणून मुली उसन्या आणल्या आणि ती पकडली गेली. मी तेव्हाही उठले नाही.

ओकादा सरांनी मात्र एवढेच विचारले, की उद्या हाच पाठ त्या अकरा मुलांना पुन्हा देता येईल का. त्यांच्याकडे चर्चेनंतर पाठ बदलून पुन्हा देण्याची रीत आहे. आमच्याकडे एकदा गुण पडले की पाठ संपतो.

दुसऱ्या दिवशी अकरा मुले होती. मंगल मधल्या रात्रीत टाचण बदलून आली होती. या वेळी तिने भाकरी मुलांच्या हातात दिल्या. युका सोनाली नावाच्या मुलीशेजारी बसली. सोनालीने भाकरीचे आठ तुकडे केले, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्ये सारखं न्हाई."

"का गं?"

"चुरा सांडला की. अर्धी भाकर लय व्हती. ह्ये चार कमी हाय."

माझ्या हिशेबाने इथे 'बरोबर, पण आपण चुरा धरायचा नाही' असे सांगून पुढे जायला हवे होते. मंगल थांबली. तिने सगळ्यांना विचारले, की सोनालीचे बरोबर आहे का. मुले भांडू लागली. एक म्हणाली, चुरा गोळा करून मध्ये ठेवला तर सारखे होईल. दुसरा म्हणाला, भाकर शिळी असली की चुरा जास्त होतो, मग अपूर्णांक बदलतो का. शेवटी सोनालीनेच वहीत भाकर काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि म्हणाली, "कागदावर चुरा सांडत न्हाई. इथं सारखं हाय." तास अकरा मिनिटे लांबला. माझ्या वहीतल्या वेळेच्या रकान्यात मी काय लिहावे ते मला कळेना. मग मी शेवटच्या बाकावरून उठून पुढे गेले आणि उरलेला वेळ सोनालीची वही पाहत उभी राहिले.

पाहुणे गेल्यावर मंगलला आमच्याच विद्यार्थ्यांचे टोमणे सुरू झाले. मानवतच्या एका विद्यार्थ्याने व्हरांड्यात, मला ऐकू येईल इतक्या जवळ, तिला विचारले, "मंगल, जपानला जातानी सहावीच्या पोरी संगं नेतीस का?"

"तुला नेते की," मंगल म्हणाली. "तुझं अपूर्णांक कच्चंच हाय."

सगळे हसले. मीही ऐकून पुढे गेले.

निवडीची बैठक झाली. मंगलला मी दुसऱ्या पाठाचे सर्वांत जास्त गुण दिले होते. प्राचार्य म्हणाले, "गुण राहू द्या मॅडम, पण तिचे नाव नको. पाहुण्यांसमोर महाविद्यालयाची शोभा झाली."

मी म्हणाले, "सर, त्या मुली मी बसवल्या होत्या."

"मला मुख्याध्यापकांनी सांगितले आहे. म्हणूनच म्हणतो, विषय वाढवू नका. तुमचेही नाव यादीत आहे."

यादीवर तीन सह्या लागत. तिसरी सही माझी आहे. पुढच्या आठवड्यात मंगलचा पासपोर्ट टपालाने आला. तो तिने मला आणून दाखवला, कारण मी तिला तसे आधी सांगून ठेवले होते. मी फोटो पाहिला, नावाचे स्पेलिंग तपासले आणि बरोबर आहे असे म्हणाले.

मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन जपानला गेले. प्रवासवर्णन इथे लिहीत नाही. ते त्या वर्षीच्या महाविद्यालयाच्या वार्षिकात मी रीतसर लिहिले आहे. त्यात एक गोष्ट नाही. तिथल्या एका चर्चेत, पाठ पाहून झाल्यावर, मी उभी राहिले आणि पाचवीच्या वर्गात सहावीच्या मुली मी बसवल्या होत्या हे सांगितले. मंगलची ती चूक नव्हती हेही सांगितले. ओकादा सर म्हणाले, की त्यांच्याकडेही पाहुणे येणार म्हणून पाठाची तालीम करून घेणाऱ्या शाळा आहेत. युकाने विचारले, मंगल का आली नाही. मी उत्तर दिले, की निवड झाली नाही. तेही खरेच होते.

मी परत आल्यावर मंगल माझ्या खोलीत आली. तिने सोनालीच्या वहीचा फोटो युकाला द्यायला माझ्याकडे दिला होता. तो दिला का, एवढे विचारायला ती आली होती. मी दिला म्हणाले आणि चर्चेत काय सांगितले तेही तिला सांगितले. माझी अपेक्षा होती की तिला बरे वाटेल.

"तिथं सांगितलं व्हय," ती म्हणाली. मग तिने विचारले, "आनि इथं?"

सात समुद्रांपलीकडे, ज्यांना मंगलशी काही देणेघेणे नव्हते त्यांच्यासमोर मी खरे बोलले होते. जे तिला रोज व्हरांड्यात भेटत होते त्यांच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या परिपाठाला, प्रार्थनेनंतर, मी विद्यार्थ्यांसमोर उभी राहिले. ज्या सूचना मी आरतीला आणि बाकीच्या मुलींना दिल्या होत्या त्या शब्दशः सांगितल्या, मंगलने पाठाच्या आदल्या दिवशी विरोध केला होता हे सांगितले, आणि सभागृहात मी गप्प बसले हेही. बोलायला तीन मिनिटे लागली. प्राचार्य मागे उभे होते. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मानवतचा तो विद्यार्थी मधल्या सुट्टीत मंगलसाठी कॅन्टीनमधून चहा घेऊन गेला. तिने तो घेतला, हे मी पाहिले.

मंगल आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जपानला ती अजून गेलेली नाही. माझे निवृत्तीनंतरचे दिवस बरे चालले आहेत. विद्यार्थी भेटतात, फोन करतात. पण त्या यादीवरची सही मी परत घेऊ शकत नाही, आणि तसा प्रयत्न मी तेव्हा केलाही नव्हता.

पाहुणे येऊन गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे महिनोन्‌महिने एकाच शाळेत राहून शिकवण्याच्या कामासाठी, मंगलने तीच शाळा मागून घेतली. पहिल्या आठवड्याचे टाचण घेऊन ती सहीला आली आणि म्हणाली, "मॅडम, यात एक जागा कमी हाय. जी लेकरं वर्गात न्हाईत, त्यांचं कुठं लिहायचं?"

मी छापील टाचणाचा नमुना पुन्हा वाचला. उद्दिष्टे होती, साहित्य होते, फलकलेखन होते. अशी जागा खरोखर नव्हती. मी पट्टी घेतली, पानाच्या तळाशी एक आडवा रकाना आखला आणि त्याच्यावर लिहिले: 'गैरहजर मुलांसाठी योजना'. पुढच्या वर्षी तो आम्ही छापून घेतला. बरेच विद्यार्थी तिथे 'निरंक' लिहीत, आणि ती वही मी सही न करता परत देत असे.

मंगलने मात्र माझ्यासमोर बसूनच तो रकाना भरला. योजना तिला अजून सुचलेली नव्हती. तिने सतरा मुलांची नावे लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल सध्या कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे ते लिहिले. जागा पुरली नाही, म्हणून शेवटची चार नावे तिने समासात उभी लिहिली.